गव्हाणची घुमणारी खोली

कुणाच्या घरी गेले की मी आधी टाळी वाजवते. एकच, मोकळी, दोन्ही तळवे जरा खोलगट करून. मग कान देऊन उभी राहते. यजमानांना वाटतं बाईंना डास दिसला असावा. एकदा एका नातलगांकडे भेटायला गेलो होतो. घरातलं म्हातारं माणूस गेलेलं, लोक बसावेत म्हणून हॉलमधलं फर्निचर हलवलेलं, उंच छत, कोरी मोझॅक फरशी. माझे हात आपोआप वर गेले. आमच्या ह्यांनी ते वरच्या वर धरले म्हणून त्या घरात आजही मला चहा मिळतो.

तर ही टाळी म्हणजे माझा धंदा. पनवेलात उरण नाक्याच्या अलीकडे आमचं गाद्यापडद्यांचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं. ह्यांना कंपनीत नोकरी, त्यामुळे सासऱ्यांच्या मागे ते माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे मीच ते सोडेना. गाद्या, लोड, सोफ्याची कव्हरं, पडदे, असं सगळं सरळ चाललं होतं. त्यात एक दिवस खांदा कॉलनीतले दामलेकाका आले आणि म्हणाले, "जाड पडदे हवेत. खिडकीला नकोत. भिंतीला."

बँकेतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. रविवार म्हणून हेही दुकानात होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे बघितलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, म्हणून माप घ्यायला गेले. काकांकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि पुतण्याने परदेशातून आणून दिलेले दोन उंच स्पीकर. नव्या कॉलनीतला तो कोरा करकरीत हॉल. त्यांनी गाणं लावलं आणि मला विचारलं, "तबलजी किती ऐकू येतात?"

"एक," मी म्हटलं.

"मला तीन येतात. आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही."

त्यांनी आधी घरच्या घरी उपाय करून बघितला होता. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणून भिंतीला चिकटवले होते. आवाजात काडीचा फरक पडला नाही, झुरळं मात्र कुटुंबकबिल्यासह राहायला आली. काकूंनी ते सगळे ट्रे एका सकाळी जिन्यातून खाली सोडले. म्हणून माझ्यावर पाळी आली.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पीकरमधून निघालेला आवाज तुमच्या कानाशी सरळ येतो. पण तोच आवाज भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटूनही येतो, जरा उशिरा. गुळगुळीत फरशी आणि सिमेंट तो जसाच्या तसा परत फेकतात. मग शब्दाच्या पाठीवर त्याचाच जुना शब्द येऊन पडतो आणि काय म्हणाले ते कळत नाही. म्हणून भिंतीवर मधून मधून मऊ काहीतरी लावायचं, म्हणजे आवाज त्यात मुरतो. बारीक आवाज साध्या कापडातही मुरतो. ढोलाचा, तबल्याच्या डग्ग्याचा जाड आवाज मात्र पडद्याला भीक घालत नाही, तो कोपऱ्यात जाऊन गोळा होतो. त्याला चांगला वीतभर जाडीचा काथ्या लागतो. आणि हे सगळं करून ती भिंत दिसायलाही चांगली हवी, नाहीतर घरातली बाई मला दारात उभी करणार नाही. हा शेवटचा भाग मी बाई असल्यामुळे मला लवकर कळला.

टाळी काकांनी शिकवली. टाळी वाजवून तिच्या मागे उरतं ते ऐकायचं. दुसरी युक्ती आरशाची. ऐकणाऱ्याने आपल्या जागेवर बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीला टेकवून सरकवत न्यायचा, आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करायची. आवाज आपटून येतो तो नेमका तिथून. मी हळदीकुंकवाला मिळालेला आरसा त्या कामाला लावला.

माल रहीमचाचांचा. हे आमच्या दुकानाचे पिंजारी, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. काथ्या कुठे सैल ठेवायचा, कुठे दाबून भरायचा हे त्यांच्या बोटांना कळायचं. लाकडी चौकट, आत काथ्या आणि पिंजलेला कापूस, वरून कापड, आणि चौकट भिंतीपासून चार बोटं लांब टांगायची. ती चार बोटं ठेवली की पातळ चौकटही जाडीचं काम करते. दामलेकाकांच्या हॉलमध्ये अशा सहा चौकटी लावल्या आणि रेकॉर्ड सुरू केली, तेव्हा मी होते तिथेच खाली बसले. गाणारा माणूस समोर येऊन बसला होता. तो मधेच श्वास घेत होता आणि तो श्वास मला ऐकू येत होता. मी दोन वर्षं घराघरांत पडदे लावत फिरले होते आणि पडदा हे करू शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग काय विचारता. त्या वर्षांत पनवेलात आखातातून डेक येत होते, जमिनींचे पैसे येत होते, बंगले उठत होते, आणि प्रत्येक बंगल्याच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी. डॉक्टर आले, लाकडाच्या वखारीचे मालक आले. मला पडदेवाल्या वहिनी म्हणायचे, त्याच्या मी आवाजवाल्या वहिनी झाले. आता हा धंदा उरला नाही. लोक कानात बोळे घालून ऐकतात आणि एका घरात चौघं चार गाणी ऐकतात. असो. मला सांगायचं आहे ते गव्हाणच्या हसुरामशेठांचं.

हसुरामशेठ दुकानात आले ते मला बघून जरा थबकले. "आवाजाचा काम करनारा तो मानूस कुटं हाय?"

"तो माणूस मीच," मी म्हटलं.

त्यांनी हसून हात जोडले आणि बसले. गोष्ट अशी होती. त्यांची आई हिराबाय गावची धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात, ती त्या बाईच्या तोंडी असतात. हिराबाय चाळीस वर्षं गायली होती. नातवाच्या लग्नात गायचं म्हणून ती वाट बघत होती, आणि मुलगी ठरली त्याच महिन्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'नाय'. पाणी हवं असेल तरी नाय, नको असेल तरी नाय. कुठला नाय कशाचा, ते घरच्यांना सुरावरून कळायचं.

पण हसुरामशेठांनी पूर्वी एकदा गंमत म्हणून आईसमोर टेपरेकॉर्डर ठेवून चार कॅसेटी भरल्या होत्या. धाकटी मुलगी रंजना पनवेलला कॉलेजात होती. ती म्हणाली, मी कॅसेटवरून शिकते आणि दादाच्या लग्नात मी गाते, आजी समोर बसून चूक दाखवेल. सगळ्यांना पटलं. हसुरामशेठांनी मोठा डेक आणला, नव्या बंगल्यात खाली खास गाण्याची खोली काढली, तिला खाली-वर, चहूबाजूंनी पांढरा संगमरवर लावला. आणि कॅसेट लावली तर आईचा एक शब्द कळेना.

"जुन्या घरान लावला तं शबूद न् शबूद कलायचा," हसुरामशेठ म्हणाले. "तो घर पाडला न् हो बांधला."

जुनं घर म्हणजे मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, भाताच्या गोणी. त्या घराला माझी गरजच नव्हती. बाहेर अंगणात बसावं तर रस्त्यावरून बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. कानाला लावायचे हेडफोन आजीने काढून फेकले होते. लग्न वैशाखात, आणि आता माघ सुरू होता.

दुसऱ्याच दिवशी गेले. खोलीत हिराबाय चाकाच्या खुर्चीत, शेजारी हसुरामशेठ आणि त्यांच्या मंडळी. रंजना कॉलेजात, आणि तीच तेवढी नसल्यामुळे पुढचा घोटाळा झाला. मी मध्यभागी उभी राहिले, टाळी वाजवली. आवाज चार भिंतींतून फिरून फिरून परत आला. मला तर आनंदच झाला, इतकी वाईट खोली मी आजवर बघितली नव्हती.

"खोली फारच घुमते हो," मी म्हटलं.

हसुरामशेठांच्या मंडळींनी पदर डोक्यावर घेतला. हसुरामशेठ जवळ आले. "घुमतंय?"

"म्हणजे काय. तुम्हाला इतक्या दिवसांत कळलं नाही?"

"संशय व्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "कोन हाय?"

मला वाटलं, दोष कशाचा ते विचारतायत. "कोण असणार, ही फरशी. आणि कोपरे. जाड आवाज असतो ना, तो कोपऱ्यात जाऊन बसतो."

"जाड आवाज. म्हंजे बाप्या मानूस हाय," त्यांनी मंडळींना सांगितलं. मी माप घेत होते, मला ते नीट ऐकू आलं नाही. "चारी कोपऱ्यांन हाय?"

"चारीही. कोपऱ्यातला काढणं सगळ्यात अवघड. तो पुरता जात नाहीच, मुरवावा लागतो."

"मंग कदी धरताव काम?"

"अमावास्येच्या आधी धरते," मी म्हटलं. आमचे सुतार अमावास्येला नवं काम हातात घेत नसत, एवढंच त्यात होतं.

मग मी आरसा काढून मंडळींच्या हातात दिला, हिराबायच्या खुर्चीमागे वाकून उभी राहिले आणि म्हटलं, "भिंतीला लावून हळूहळू सरकवा. अजून. अजून. थांबा, दिसला."

"दिसला?" त्या म्हणाल्या. आरसा जपून जमिनीवर ठेवला आणि खोलीतून निघून गेल्या. मला वाटलं गॅसवर दूध असेल.

आपल्या मराठीत घुमणं हा काय शब्द आहे बघा. पारवा घुमतो, रिकामी खोली घुमते, आणि ज्याच्या अंगात येतं ते माणूसही घुमतं. मी पनवेलच्या बाजारात वाढलेली, मला त्यातला मधला अर्थ रोज लागायचा. त्या घराला तिसरा ठाऊक होता. चार दिवसांनी रहीमचाचांना आणि काथ्याच्या गठ्ठ्यांना टेम्पोत घालून पोचले, तर खोलीच्या चारी कोपऱ्यांत लिंबं आणि मधोमध एक भगत बसलेला. रहीमचाचा उंबऱ्यातच थांबले. "भाभी, आपने यहाँ क्या बोल के रखा है?"

रंजना घरी होती. मी काय बोलले ते तिला ऐकवलं आणि ती हसता हसता जिन्यावर बसली. डोळे पुसून उठली तेव्हा मात्र चेहरा उतरला होता.

"मावशी, हसण्यासारखं नाही. हे शिरढोणला पोचलंय."

शिरढोण म्हणजे नवरीचं गाव. व्याह्यांचा निरोप आला होता, आधी घराचं बघा, मग लग्नाचं. घुमणाऱ्या घरात लेक द्यायची नव्हती त्यांना, आणि कुठल्या बापाने दिली असती? पडदेवाल्या बाईच्या एका शब्दाने मांडव अडला होता. मी भगतासमोरच हसुरामशेठांचे हात धरून त्यांना टाळी वाजवायला लावली, मग बाहेर व्हरांड्यात वाजवायला लावली. "आत उरतो तो आवाज आहे, दुसरं कुणी नाही. चुकलं माझं. घुमते म्हणायला नको होतं."

त्यांनी चार वेळा आतबाहेर करून टाळ्या वाजवल्या. "म्हंजे भूत नाय."

"भूत नाही. संगमरवर आहे."

ते खोलीत जे हसले, ते हसणंही मिनिटभर घुमलं. पण शिरढोणला निरोपाने कोण पटवणार? व्याही म्हणाले, पंधरा दिवसांनी येतो, आपल्या कानांनी बघतो.

घाबरलेला माणूस कामात नेहमी जास्तीचं करतो, तसं मी केलं. व्याह्यांनी टाळी वाजवली तर कणभर आवाज उरता कामा नये, एवढं एकच डोक्यात घेतलं. हसुरामशेठांना पनवेलच्या नव्या परमिट रूमसारखी लाल मखमल हवी होती, बटणं टाचलेली. मी ती देऊन टाकली. चारी भिंती, छत, दार, सगळं मखमलीत, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. दहा दिवसांत काम उरकलं. टाळी वाजवली, ती हातातच मेली. मी खूश. हसुरामशेठ खूश, त्यांना तर भिंतीवरून हात फिरवायचीच हौस.

हिराबायला आत आणलं. रंजनाने कॅसेट लावली. आवाज आला तो गोधडीखालून आल्यासारखा. ढुम्म तेवढं होतं, पण शब्दांची कड गेली होती. त, च, स ही अक्षरं तर उमटतच नव्हती. रंजनाने सोबत गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. "मावशी, माझाच आवाज मला येत नाही."

"नाय," हिराबाय म्हणाली. तिने चांगला हात खुर्चीच्या चाकावर ठेवला आणि खुर्ची दाराकडे वळवायचा प्रयत्न करायला लागली. हा नाय कशाचा ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती आपल्याच आवाजापासून उठून चालली होती.

आम्ही टेम्पोत बसून परत निघालो. रहीमचाचा म्हणाले, "भाभी, पैले कमरा जादा बोलता था. अब गूँगा हो गया." मी टेम्पो तसाच खांदा कॉलनीकडे वळवायला सांगितला.

दामलेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतींचा किती भाग झाकलास?"

"सगळा."

"मग ऐकायला शिल्लक काय ठेवलंस? आणि कापड कुठलं?"

"मखमल."

"फुंकर मारून बघितलीस?"

नव्हती बघितली. कापड तळहातापुढे धरून फुंकर मारायची. ती पलीकडे हाताला लागली तर त्यातून आवाज आत जातो आणि काथ्यात मुरतो. मखमल फुंकरच अडवते. ती शब्दाची धार तेवढी वरच्या वर खाते, आणि जाड आवाज होता तिथेच राहतो. हे मला तीन वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं. भीतीने आणि बटणांच्या नादात मी ते विसरले. मला माझी इतकी लाज वाटली की काकूंनी दिलेला चहासुद्धा पिववेना.

व्याही यायला पाच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गव्हाण गाठलं आणि मखमल उतरवायला घेतली. प्रत्येक बटण निघताना हसुरामशेठांचा चेहरा बघवत नव्हता. कोपऱ्यांत मी छतापर्यंत काथ्याचे जाड खांब उभे केले. गालिचा निम्मा कापून टाकला. आता चौकटींना कापड हवं, पातळ, सुती, आणि त्या घराला शोभेल असं. मी आणलेल्या नमुन्यांतलं एकही धड नव्हतं.

"ह्यातलं काही चालेल?" रंजनाने एक पत्र्याची पेटी ओढत आणली.

आत लुगडी होती. लाल, हिरवी, जांभळी, केशरी, रुंद काठाची, सुती. धवलारणीला प्रत्येक लग्नात मानाचं लुगडं मिळतं. हिराबायने नेसून जी उरली ती ठेवली होती, आणि कुठलं कुणाच्या लग्नातलं हे घरच्या बायकांना पाठ होतं. मी वरचं हिरवं उचललं, एक पदर तळहातासमोर धरला आणि फुंकर मारली. ती सरळ हाताला लागली. दुसरं उचललं, तेही तसंच. रहीमचाचांनी लांबूनच मान हलवली. मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं, आणि वय आड आलं नसतं तर नाचलेही असते.

पण पेटी हिराबायची. मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, "आय, ही भिंतीवर लावू?"

तिने हिरवं लुगडं चांगल्या हाताने मांडीवर घेतलं. "नाय."

माझं तोंड उतरलं. रंजना म्हणाली, "थांबा मावशी. हा नकोचा नाही. हा वेगळा आहे." तिने आजीकडे निरखून बघितलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातात कात्री होती. "कापायचं नाही म्हणतेय."

मी कात्री रहीमचाचांकडे दिली. "नाही कापणार. एक दोराही नाही कापणार."

आणि नाही कापला. नऊवारी लुगडं दीड हाताच्या चौकटीवर कात्री न लावता बसवणं काय असतं ते विचारू नका. समोर कापडाचा एकच थर ताणून घ्यायचा, काठ नीट जुळवायचा, आणि उरलेलं सगळं निऱ्या घालून चौकटीच्या मागच्या कडेला बांधायचं, म्हणजे फुंकर अडत नाही. दोन भिंतींवर आरशाने खुणा केल्या तिथे तिथे अशा अकरा चौकटी टांगल्या. ह्या वेळी आरसा मंडळींनी स्वतःहून धरला. मागच्या भिंतीवर मी सुपं उलटी टांगली, घरातली आणि शेजारची मागून आणलेली, कारण सपाट भिंत आवाज सरळ परत फेकते आणि फुगीर सूप तो विस्कटून देतं. बाराव्या चौकटीची जागा आखली होती, पण अकराव्यानंतर टाळी वाजवली आणि थांबले. आवाज उमटत होता, जरासा रेंगाळत होता आणि शहाण्यासारखा निघून जात होता.

"एक दात पडल्यासारखं दिसतंय," रंजना त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली.

"दिसू दे. आता इथे एक रुमालसुद्धा वाढवायचा नाही," मी तिला बजावलं.

शिरढोणचे व्याही आले ते तीन माणसं घेऊन. उंच, अबोल गृहस्थ. उंबऱ्याशी चपला काढल्या, चारी कोपरे बघितले, मग खुर्चीच्या कडेवर बसले, लगेच उठता येईल असे. हिराबायला तिच्या जागेवर आणलं. रंजनाने कॅसेट लावली आणि सोबत गायला लागली. मी सुपांच्या भिंतीला पाठ लावून उभी होते. खोलीत एक दणकट, खरबरीत, जाणता आवाज आला, आणि त्या आवाजाची बाई समोर खुर्चीत मुकी बसली होती. रहीमचाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मी कान शब्दांवर ठेवले. कळत होते. एकेक शब्द कळत होता. रंजना मांडवाच्या गाण्यावर आली. मांडवाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, डहाळी बांधायची असते, त्याचं गाणं. तिने म्हटलं, "अंबराची डाली गो..."

"नाय," हिराबाय म्हणाली.

कॅसेट चालू राहिली, बाकी सगळं थांबलं. व्याही खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांची नजर सरळ कोपऱ्याकडे गेली. हसुरामशेठांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. मखमल काढली, लुगडी लावली, पाच दिवस जेवणाची शुद्ध नव्हती, आणि पुन्हा नाय.

"थांबा," रंजना म्हणाली. "हा खोलीचा नाही. हा माझा आहे."

तिने बटण दाबून फीत मागे घेतली. पुन्हा लावली. आम्ही सगळे पुढे वाकलो, व्याहीसुद्धा. आणि हिराबाय टेपमधून स्वच्छ म्हणाली, "उंबराची डाली गो." उंबराची. अंबर नव्हे, आभाळ नव्हे, दारातलं साधं उंबराचं झाड. मांडवाला उंबराची डहाळी बांधतात, आभाळाची कोण बांधेल? तीन महिने त्या घुमणाऱ्या खोलीत पोरगी आभाळ ऐकत होती, आणि आजीला तिची चूक ऐकूच येत नव्हती. आता नातीची चूक आजीला ऐकू आली होती. मला माझ्या कामाची इतकी मोठी पावती कधी मिळाली नाही, आणि ती 'नाय' या शब्दात मिळाली.

रंजनाने ओळ पुन्हा म्हटली, उंबर घालून. हिराबाय गप्प राहिली आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला.

व्याही उठून भिंतीशी गेले होते. एका जांभळ्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून त्यांनी तो उजेडाकडे वळवला. "ह्यो आमचेकरचा हाय," ते म्हणाले. "माज्या बहिनीचे लग्नान दिलेला. मीच गेलतो पनवेलला आनाया." बहीण आता नव्हती, ते आम्हाला नंतर कळलं. त्यांनी मागे वळून खोलीच्या मध्ये एक टाळी वाजवली. थोडं थांबले. "घुमत नाय," ते हसुरामशेठांना म्हणाले. "तारीक काडा."

लग्नाला आम्ही सगळे गेलो. दामलेकाका इस्त्रीचा शर्ट घालून, रहीमचाचा नातवंडांसकट. रंजना पहिल्यांदा गायली ती भीत भीत, आजीच्या तोंडाकडे बघत. माईकचा भोंगा तर भयंकर होता, माझे हात शिवशिवत होते. मेढीचं गाणं आलं तेव्हा आम्ही पाचसहा जणांनी हिराबायकडे बघितलं. उंबर बरोबर आला. पुढेही सगळं बरोबर आलं असेल, कारण हिराबाय दोन दिवसांत एकदाही बोलली नाही.

आठवड्याने रंजना दुकानात आली, पिशवीत एक लुगडं घेऊन. लाल, पिवळ्या काठाचं, कोरं. नवरीकडच्यांनी धवलारणीच्या मानाचं म्हणून तिच्या हातात ठेवलं होतं.

"मावशी, ती बारावी जागा आहे ना," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही, कारण मी काय बजावलं होतं ते तिला आठवत होतं.

मी रहीमचाचांना चौकट करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती घेऊन गेलो, निऱ्या घालून लुगडं बसवलं आणि त्या रिकाम्या जागी टांगलं. हिराबाय समोर बसून बघत होती. काठ उलटा आला होता, तर म्हणाली, "नाय." आम्ही तो सरळ केला. मग ती काही म्हणाली नाही.

ती चौकट जास्तीची होती. खोलीला ती नको होती, हे मला दामलेकाकांइतकंच पक्कं माहीत होतं. त्या दिवशी मी निघताना टाळी वाजवून बघितली नाही.